वेशीबाहेरची माती कोण उकरणार?

वाचकहो, इतिहास म्हणजे राजांचे वाडे आणि देवळांचे कळस, असेच आपणांस पढविण्यात आले. परंतु शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात आपल्या अध्यापकांसह जमीन उकरली, आणि शंभरांहून अधिक घरे उजेडात आली. तीही शेतकऱ्यांची व कारागिरांची! सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भिंती, चुली, जमिनीखाली रांजणांत पुरलेली बालके. कोणत्या पुराणात हे लिहिले होते?

आता सावध असा. तेथे पाच खोल्यांचे एक घर मिळाले, त्याशेजारी धान्याचे कोठार; आणि कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेस. एवढ्यावरून उद्या कोणी सांगेल की जातिभेद अनादि आहे. त्यास विचारा, भिंतींवरून धनी आणि निर्धन ओळखता येईल, विटाळ कोणत्या खापरावर दिसला? डॉ. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमाराचा ठरविला. त्यांचा आधार मुख्यतः ग्रंथांचा होता. मातीची साक्ष आपल्या मुलांनी काढावयाची आहे.

मुले कॉलेजात जातात, ती कारकुनीसाठीच काय? त्यांच्यापैकी काहींना पुरातत्त्वाकडे धाडा. आणि जुन्या वस्तीत नव्या घराचा पाया खणताना खापर, मणी, जाते निघाले तर फेकू नका. जागा आणि खोली वहीत टिपून ठेवा व जवळच्या पुरातत्त्व खात्यास कळवा.