रंग उन्हाचा की डब्यातला?

मांसल पानांची, कमळाच्या घडणीची एचेव्हेरियाची छोटी रोपे आता आपल्या सज्जांत आणि खिडक्यांत दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जगभरच्या रोपबाजारात अशा रोपांवर निळ्या, सोनेरी रंगांचा फवारा मारून ती विकण्याची जी प्रथा पडली आहे, तिचा निषेध केलाच पाहिजे.

या झाडाच्या नावातच त्या प्रथेला उत्तर आहे. स्पेनच्या राजाच्या आश्रयाने १७८७ मध्ये मेक्सिको परिसरातील वनस्पतींच्या अभ्यासाची मोठी मोहीम सुरू झाली. अतानासिओ एचेव्हेरिया हा तीतील एक चित्रकार. त्याच्या कर्तृत्वाची स्मृती म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२८ मध्ये या प्रजातीला त्याचे नाव दिले. त्या चित्रकाराने झाड पाहून कागद रंगविला. आजचा व्यापारी झाडच रंगवतो! कलावंत आणि विक्रेता यांच्या दृष्टीतील अंतर याहून स्पष्ट ते काय असणार?

मुळात या झाडाला उसन्या रंगाची गरजच नाही. भरपूर ऊन, रात्रीचा गारवा आणि बेताचे पाणी मिळाले, की त्याच्या पानांत लाल-जांभळी रंगद्रव्ये आपोआप साठतात. पानांवरील पांढुरकी भुकटी हे मेणाचे संरक्षक कवच होय. बोट लागताच ते पुसले जाते. बाहेरून दिलेल्या लेपाखाली मात्र पान प्रकाशाला मुकते, आणि मधून फुटणारी नवी पाने निसर्गदत्त रंगाचीच येऊन त्या बनावटीचे पितळ उघडे पाडतात.

बाजाराची घाई जितकी घातक, तितकीच घरची अतिरेकी माया. तुळशीला रोज पाणी घालणारा हात सवयीने इकडेही वळतो आणि मुळे कुजतात. डोंगरकड्यांवरील हे झाड पाणी पानांत साठवते, आणि ते उडून जाऊ नये म्हणून पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते. तेव्हा कुंडीला भोक असावे, मातीत जाड वाळू व विटांचे तुकडे मिसळावेत, आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कुंडी पागोळ्यांपासून दूर पण उजेडात ठेवावी. सावलीत झाड फिकट होऊन लांबट वाढते. मात्र सावलीतले रोप एकदम कडक उन्हात नेल्यास करपते. सकाळचे ऊन सर्वांत उत्तम.

यासाठी पैसाही फारसा लागत नाही. आपली ओळखीची पानफुटी याच कुळातली. एचेव्हेरियाच्याही अनेक जातींचे निरोगी पान बुडापासून अखंड काढून, दोन-चार दिवस सुकवून कोरडसर मातीवर ठेवले, की काही आठवड्यांत त्याला मुळे व अंकुर फुटतात. शाळेच्या खिडकीत वा कचेरीतील उजेडाच्या कोपऱ्यात हा प्रयोग सहज करता येईल.

पूर्ण रोप तयार होण्यास मात्र महिने लागतात, आणि नेमका तेवढाच धीर बाजाराला नाही. तो धीर ग्राहकाने दाखविला, रंगविलेले रोप नाकारून हिरवे, साधे रोप घरी आणले, तर ही प्रथा आपोआप बंद पडेल. रंग चढविण्याचे काम उन्हावर सोपवावे. आपण केवळ वाट पाहावी.