तोंडी कारभाराची फरदड काढा



गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचा २३ क्विंटल कापूस खेडा खरेदीतल्या व्यापाऱ्याने उचलला आणि चुकाऱ्याच्या दिवशी हात वर केले. त्या शेतकऱ्यासोबत मी ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी ठाणेदार बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळाले, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." तिसऱ्या दिवशी तोच व्यापारी ठाणेदारासमोर चहा पीत बसलेला! तीन दिवसांत आमच्या तक्रारीची एक ओळ कुठे लिहिली गेली नाही. म्हणजे सरकारदरबारी आम्ही ठाण्यात गेलोच नव्हतो.

"ठाणेदार खराब आहे, बदली करा," असे आपण लगेच म्हणतो. मी शेतकीचा पदवीधर, म्हणून शेतीच्या भाषेत सांगतो. एक बोंडअळी चिरडून शेत वाचत नाही. फरदड उभी ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. ठाण्यातला तोंडी कारभार ही तशीच फरदड आहे. लिहिलेच नाही तर कोण जाब विचारणार?

पोलीस काही परका नाही. भरतीच्या मैदानावर धावणारी पोरे आपल्याच कोरडवाहू घरांतली. पण ज्याच्या बदलीची दोरी पुढाऱ्याच्या हातात, तो कायद्याकडे पाहील की पुढाऱ्याकडे? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नका, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला, प्राधिकरणाची तरतूद केली. पण सार्वजनिक हिताच्या नावाखाली मुदतीआधी बदलीची वाटही ठेवली. कुंपण घातले आणि फाटक उघडे!

दिवाणी प्रकरणाची सबबही तपासून घ्या. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तिला मुदत आहे आणि तिची नोंद ठाण्याच्या डायरीत व्हावी लागते. प्रकरण बंद करायचे तर कारणासह लेखी, एका आठवड्याच्या आत तक्रारदाराला कळवावे लागते. "कोर्टात जा" हे तोंडी उत्तर कायद्यात कुठेच बसत नाही.

आता आपलेही माप काढू. आपले काम अडले की आपणच पुढाऱ्याचा फोन लावतो, पाकीट सरकवतो. त्या फोनने आपले एक काम होते आणि दोरी आणखी घट्ट होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; नाइलाजाने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते.

म्हणून या बैठकीत एवढे ठरवू. ठाण्यात एकट्याने जायचे नाही, गावातले दोघे सोबत. मापाची चिठ्ठी जोडून तक्रार लेखी, दोन प्रतींत. एका प्रतीवर तारीख आणि सहीची पोच. गुन्हा नोंदला तर त्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचे नाही. नाकारले तर पोलीस अधीक्षकांना टपालाने, तिथेही दाद नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सारी वाट लिहिलेली आहे.

त्या शेतकऱ्याने चौथ्या दिवशी अधीक्षकांना टपाल टाकले. आठवडाभरात ठाण्यातूनच बोलावणे आले. चुकारा अजून मिळालेला नाही, पण गुन्ह्याची प्रत त्याच्या हातात आहे. ठाणेदार तोच, खुर्ची तीच. बदलला तो फक्त कागद.