वाटेवरचा विचित्र मनुष्य

पायगाडीवरून हिंडणाऱ्यास वाटेत नाना प्रकारची विचित्र माणसे भेटतात अशी एक सार्वत्रिक समजूत आहे, आणि प्रस्तुत वार्षिकाच्या मराठी विभागात तिला पुष्टी देणारा एखादा तरी लेख दर वर्षी येतोच. सुटीत मित्रांसह स्वारी निघते. अमुक गावी पंक्चर होते. तमुक गावी एक भोळा खेडूत भेटतो. तो काही तरी हास्यास्पद बोलतो. आणि लेखक हसत हसत घरी परततो. असले लेख आम्ही आवडीने वाचीत आलो, आणि खरे बोलावयाचे तर एके काळी आवडीने लिहीतही आलो. आज मात्र आमचे मत पालटले आहे. वाटेवर विचित्र मनुष्य असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. तो बहुधा पायगाडीच्या आसनावर बसलेला असतो, इतकेच आमचे म्हणणे आहे.

थोडा विचार करून पाहावा. दोन चाके एकामागे एक उभी करून त्यांवर बसणे ही गोष्ट मुळात माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. पायगाडीवाला थांबला की पडतो, म्हणून धावत राहतो. आणि धावत राहतो म्हणून त्यास वाटू लागते की, थांबलेले सगळे जग मंद आहे. टॉमस स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने १८८४ ते १८८६ या काळात पुढचे चाक पुरुषभर व मागचे वीतभर अशा त्या वेळच्या पायगाडीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. तुर्कस्तानातील गावोगावचे लोक त्यास गाडी चालवून दाखविल्याशिवाय पुढे सोडीत नसत. स्टीव्हन्ससाहेबांनी आपल्या ग्रंथात त्या लोकांची मौज पुष्कळ वर्णिली आहे. परंतु त्या गावांतून कोणी ग्रंथ लिहिला असता तर त्यात मौज कोणाची वर्णिली असती, हे सांगावयास नको.

आपल्याकडेही हे वाहन आले तेव्हा ते कौतुकाचाच विषय होते. ज्या १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या धावेचे पेटंट घेतले, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास पायगाड्यांचे दुकान काढले. गाडी विकावयाची आणि ती चालविण्यास शिकवावयाचेही, असा तो दुहेरी व्यवसाय होता. कारण घेणाऱ्यास बसता येत नसे. त्या दुकानाचे पुढे काय झाले ते आपल्या जिल्ह्यातील मुलांस ठाऊकच आहे. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी येथून फार लांब नाही. आणखी एक उदाहरण देऊन हा इतिहास आवरतो. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरात जगाच्या फेरीस पायगाड्यांवरून निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. अशा पराक्रमाशी आमच्या माधवनगर ते सांगली या रोजच्या फेरीची तुलना करण्याइतके आम्ही धीट नाही. तथापि भेटीगाठींपुरते बोलावयाचे तर हा टापूही दरिद्री नव्हे. १९४८ पूर्वी बुधगावाहून निघून सांगलीवरून मिरजेस जाणारा पायगाडीवाला एका सकाळी तीन पटवर्धनी संस्थानांची मुलुखगिरी करीत असे, तीही घामाखेरीज काही खर्च न करता!

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पायी चालणारा तासाला पाच किलोमीटर जातो, आणि रस्ता त्याच्याशी पोटभर बोलतो. मोटारीत बसलेल्याशी रस्ता बोलतच नाही. काच वर असते. पायगाडीवाला तासाला पंधराच्या गतीने जातो, म्हणून त्याच्या वाट्यास नेमके अर्धे वाक्य येते. उरलेले अर्धे मागे धुळीत पडते. आणि कोणत्याही शहाण्या मनुष्याचे अर्धेच वाक्य ऐकले तर ते हास्यास्पद वाटावयाचेच. पायगाडीवरील गमतीचे जे अनुभव म्हणून सांगितले जातात, त्यांपैकी बहुतेक या अर्ध्या वाक्यांतून जन्मास आलेले असतात, असे आमचे ठाम मत आहे.

एकदा सहामाहीच्या उत्तरपत्रिका कॅरिअरला बांधून आम्ही बुधगावाच्या अंगाने घरी येत होतो. डोईवर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई समोरून आली आणि आम्हांस पाहून मोठ्याने म्हणाली, "मास्तर, पोरांचं नशीब—" पुढचे शब्द वाऱ्याने नेले. आम्हांस त्या बाईविषयी आदर वाटला. भाऱ्याखाली मान मोडत असता जिला मुलांच्या नशिबाचा विचार सुचतो, ती सामान्य स्त्री नव्हे, असे मनाशी म्हणत आणि नशीब थोर की प्रयत्न थोर या जुन्या प्रश्नाचा खल करीत आम्ही चांगले अर्धा किलोमीटर गेलो. मग मागून पोरांचा गलका ऐकू आला. वळून पाहतो तो उत्तरपत्रिका रस्ताभर पसरलेल्या. दहाबारा मुले त्या गोळा करीत आहेत आणि प्रत्येक पत्रिकेवरील नाव व गुण खड्या आवाजात वाचून दाखवीत आहेत! बाईचे वाक्य "सांडाया लागलंय" असे पुरे होत होते. आमच्या शाळेचा निकाल त्या वर्षी शाळेपूर्वी बुधगावास लागला.

दुसरा प्रसंग कवलापूरच्या बाजूचा. हे गाव काळू-बाळूंच्या तमाशाचे. या दोन जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात पोलीस शिपाई रंगवून उभ्या महाराष्ट्रास हसविले. तेव्हा त्या मातीस विनोद कोणी शिकवावा? तेथे एके सकाळी मेंढरांच्या कळपाने रस्ता अडविला होता. आम्ही घंटी वाजविली. काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला धनगर म्हणाला, "मास्तर, घंटी वाजवू—" इतके कानी पडले, आणि तो आम्हांस घंटी वाजवू देतो आहे असे समजून आम्ही ती अधिक जोराने वाजवीत कळपातून पार झालो. मागून सगळा कळप आमच्या पाठीस लागला. म्होरक्या मेंढराच्या गळ्यात घंटा असते, आणि तिच्या आवाजामागे जाणे हेच मेंढरांचे आयुष्यभराचे शिक्षण असते, हे आम्हांस तेव्हा कळले. धनगर "वाजवू नगासा" म्हणत होता. आमच्या अध्यापनाच्या काळात इतका आज्ञाधारक वर्ग आम्हांस पुन्हा लाभला नाही, हे येथे नमूद करणे उचित आहे.

याच्या उलट एक भेट सांगतो. रेल्वेच्या पुलाचा चढ होता, म्हणून आम्हीही गाडीवरून उतरलो होतो आणि आमच्या पुढे चाललेला गृहस्थही उतरला होता. त्याच्या पायगाडीस दोहो अंगांस दोन प्रचंड भोपळे बांधलेले. आम्ही सहज विचारले, "काय भाव दिला हो भोपळा?" तो दम खात म्हणाला, "हा खायचा नव्हे मास्तर, ऐकायचा." तो मिरजेचा तंबोरे करणारा कारागीर होता. मग चढ संपेपर्यंत त्याने आम्हांस पंढरपूरकडचा भोपळा का लागतो, तो किती वाळवावा लागतो, साल पातळ असली म्हणजे नाद कसा बिघडतो, हे सारे समजावून सांगितले. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची वार्ता वाचली तेव्हा आम्हांस त्या चढाची आठवण झाली. उतार असता, तर "भोपळा ऐकणारा एक वेडा भेटला" एवढीच गोष्ट आमच्या हाती लागली असती आणि आम्ही ती शिक्षकांच्या खोलीत मीठमसाला लावून सांगितली असती.

तशा गोष्टी आम्ही वर्षानुवर्षे सांगितल्या आहेत. त्या वेळी आम्ही हसलो, ऐकणारेही हसले, आणि ज्यांच्याविषयी हसलो ती माणसे तेथे नव्हती. हे चुकीचे होते असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस ज्या प्रसंगाने दिले, तो गेल्या हंगामातला आहे आणि तो सांगताना आम्हांस फारसे हसू येत नाही.

आपल्याकडे उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, त्यांवर मोळ्यांचे डोंगर, आणि पुष्कळांच्या पाठीमागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही; असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. पहाटेच्या धुक्यात व सायंकाळी याच रस्त्यांनी आमचे विद्यार्थी पायगाड्यांवरून ये-जा करतात. हंगामाच्या प्रारंभी परावर्तक लावण्याची मोहीम निघते, छायाचित्रे छापून येतात. पुढे महिन्याभरात अर्धे गळून पडतात. काही थोड्या रुपयांची वस्तू, परंतु ती ट्रॉलीवाल्याने पाहावी, कारखान्याने पाहावी की अधिकाऱ्याने, हे ठरत नाही. आमच्या मते ज्या दारातून ऊस आत जातो त्या दारातच ही तपासणी झाली पाहिजे. परावर्तक नसेल तर वजनकाट्यावर गाडी घेऊ नये, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी आपोआप दिसू लागेल. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, मुलास गाडी घेऊन देताना मागचा लाल दिवा शोभेचा समजू नये. हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही हे आम्ही जाणतो. आमच्या गाडीस दिवा होता. तो दोन महिने लागत नव्हता.

जानेवारीतील सायंकाळ होती. तासगावच्या रस्त्याने आम्ही माधवनगरास परतत होतो. अंधार नुकताच पडला होता. पुढे रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा दोन्ही हात पसरून, अंगावरचे धडपे हलवीत, काहीतरी ओरडत नाचत होता. आम्ही मनाशी म्हटले, घेतलेली दिसते. उद्या शाळेत सांगावयास एक नामी गोष्ट मिळाली, असेही म्हटले; ते लपविण्यात अर्थ नाही. आम्ही घंटी वाजविली, त्यास डावी घातली आणि पुढे निसटलो. "आरं म्होरं—" इतके कानी आले.

म्होरं उसाची ट्रॉली कलंडून पडली होती. आम्ही तिच्या मोळ्यांत गाडीसह शिरलो. ट्रॉलीचे लोखंड हातभर बाजूला होते. तितकेच अंतर मधे राहिल्यामुळे हा लेख लिहिला जात आहे. कपाळास खोक पडली, पुढच्या चाकाचा आठ झाला. म्हाताऱ्याने येऊन आम्हांस बखोटीस धरून उठविले, तोंडावर पाणी मारले आणि मग तो बोलू लागला.

"कवाधरनं उभा हाय मी. मोटारी थांबल्या, फटफटीवाले थांबले. सायकलवाला ह्यो पहिलाच, अन् नेमका त्योच थांबंना! अन् घंटी काय वाजीवता मास्तर? घंटी वाजीवली म्हंजी ट्राली उठून बसती व्हय?"

आम्ही विचारले, "ट्रॉली तुमची का?"

"न्हाय बा. डायवर दुसरा ट्याक्टर आणाया गेलाय. आमची कोपी तिकडं हाय," तो अंधाराकडे हात करीत म्हणाला. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला होता. मुलगा व सून फडात. नातवंडे कोपीत झोपलेली. त्यास तेथे उभे राहण्यास कोणी सांगितले नव्हते. "कुणीबी यील की अंधारातनं," इतकेच कारण त्याने दिले.

मोडक्या चाकाने जाणार कोठे? शिवाय दुसरा ट्रॅक्टर अद्याप आला नव्हता. रुमालाने कपाळ बांधून आम्ही त्याच्या शेजारी रस्त्यात उभे राहिलो. थोड्याच वेळात लांबून एक दिवा येताना दिसला. आम्ही उजवा हात, वर्गात शांततेसाठी करतो तसा, किंचित उचलला. फटफटीवाला वेग न आवरता तसाच येत होता; तेव्हा म्हाताऱ्याने पुढे उडी मारून धडपे फिरविले आणि त्यास जेमतेम थांबविले. थांबल्यावर त्या तरुणाने आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि दोघांविषयी एकच मत बनवून, ते उघड बोलून दाखवून, ट्रॉलीला वळसा घालून तो निघून गेला. उद्या तो ही गोष्ट कोठेतरी सांगणार, हे आम्हांस त्याच्या पाठीवरूनच दिसले.

म्हातारा आमच्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, हात चांगलं वर धरा. येड्यावानी दिसाया पायजे, तवाच थांबत्यात."

आम्ही हात वर धरले.