सवलतीतला रंगीत लेझर प्रिंटर : खरेदी की नवी सावकारी?

सणासुदीचे सेल सुरू झाले की आमच्या मोबाईलवर एकच फोटो फिरू लागतो. रंगीत लेझर प्रिंटर, खोडलेली ३२,००० ची किंमत, खाली ठळक अक्षरात २४,००० आणि कोपऱ्यात 'साठा मर्यादित'. यंदाही तो फिरला. चार-पाच तरुण मित्रांनी तो आम्हाला पाठवला आणि खाली लिहिले, "दादा, आता घरात घ्यायलाच हवा. सरळ आठ हजार वाचतात."

मित्रहो, आमचे उत्तर स्पष्ट आहे. आठ हजार वाचत नाहीत. ते आज घेतले जात नाहीत, एवढेच. उद्या ते व्याजासकट वसूल होतात. हे उत्तर काहींना कंजूषपणाचे वाटले, काहींना जुनाट. म्हणून सविस्तर मांडतो आहोत.

आधी आमची चूक कबूल करतो. आमच्या घरी कपाटावर, प्लास्टिकच्या कव्हरखाली, एक रंगीत लेझर प्रिंटर पडून आहे. चार वर्षांपूर्वी असाच सवलतीत, सहा हप्त्यांवर घेतलेला. पहिले दोन महिने घरात कौतुकच कौतुक. मुलीच्या प्रकल्पाची चित्रे, धाकट्या भावाचे स्पर्धा परीक्षेचे नकाशे, जयंतीची पत्रके, सगळे घरच्या घरी. तिसऱ्या महिन्यात पिवळा टोनर संपल्याचा संदेश आला. आम्हाला छापायचा होता शिष्यवृत्तीचा अर्ज, तोही काळ्या अक्षरात. तरी यंत्र हलेना. दुकानात चौकशी केली तेव्हा कळले की चार टोनरचा पूर्ण संच जवळजवळ प्रिंटरच्या सवलतीच्या किमतीएवढाच आहे. प्रिंटरचे तीन हप्ते तर अजून द्यायचे बाकी होते. शेवटी तो अर्ज आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काढला. पुढचे हप्तेही भरले, बंद यंत्राचे.

यात फसवणूक झाली का? कायद्याने नाही. सगळे खोक्यावर बारीक अक्षरात छापलेले होते. आम्ही वाचले नव्हते. वाचले असते तर काय दिसले असते, ते पाहू.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर म्हणजे प्लास्टिक मिसळलेली अतिशय बारीक रंगीत पूड. लेझरचा किरण ड्रमवर विद्युतभाराने मजकुराची आकृती उमटवतो, पूड त्या आकृतीला चिकटते, तिथून कागदावर येते आणि फ्यूजर नावाचा तापलेला भाग तिला वितळवून कागदात पक्की करतो. पूड वाळत नाही. शाईचा प्रिंटर महिनाभर वापरला नाही तर त्याची बारीक छिद्रे बुजू शकतात. लेझरचे तसे होत नाही. हा त्याचा खरा गुण आहे आणि तो आम्ही नाकारत नाही.

पण रंगीत यंत्रात डबे चार असतात : काळा, पिवळा, मॅजेंटा म्हणजे गुलाबीसर लाल आणि सायन म्हणजे आकाशी निळा. नव्या यंत्रासोबत येणारे डबे बहुतेक वेळा अर्धवट भरलेले असतात. दुकानातला पूर्ण डबा 'इतकी पाने' छापतो असे लिहिलेले असते, तो आकडा ठरावीक नमुना पानांवरून काढतात. त्या पानांवर रंगाचा भाग थोडाच असतो. आपले पत्रक तसे नसते. त्याला गडद निळी पार्श्वभूमी हवी असते, आणि या यंत्रात गडद निळ्याचा वेगळा डबा नसतो. सायनवर मॅजेंटा पडला की तो निळा तयार होतो. म्हणजे निळ्या पार्श्वभूमीचे प्रत्येक पत्रक एकाच वेळी दोन डबे रिकामे करते. खोक्यावरचा पानांचा आकडा तिथे कामाला येत नाही.

आता हिशोब मांडू. समजा एका मूळ टोनरची किंमत ५,००० रुपये आहे. काळा डबा १,५०० पाने छापतो आणि रंगीत प्रत्येकी १,२००. काळ्याचा खर्च पानाला ३ रुपये ३३ पैसे. तीन रंगांचा मिळून १२ रुपये ५० पैसे. कागदाचे ६० पैसे धरले तर एक रंगीत पान १६ रुपये ४३ पैशांना पडते. त्यात यंत्राची किंमत नाही, वीज नाही, दुरुस्ती नाही. आमच्या वस्तीतला झेरॉक्सवाला तेच पान १० रुपयांत, कागदासह, हातात देतो. म्हणजे घरी छापलेल्या प्रत्येक रंगीत पानामागे साडेसहा रुपयांचा तोटा. जितके जास्त छापाल तितका तोटा जास्त. मग २४,००० रुपये वसूल कधी होणार? कधीच नाही.

कोणी म्हणेल, मूळ टोनर कशाला, बाजारात स्वस्त पर्यायी टोनर मिळतो, भरूनही देतात. ठीक. समजा तो १,००० रुपयांना मिळाला. मग रंगीत पान कागदासह ३ रुपये ७७ पैशांना पडेल आणि दुकानाच्या तुलनेत पानामागे ६ रुपये २३ पैसे वाचतील. यंत्राचे २४,००० भरून निघायला साधारण ३,८५० रंगीत पाने छापावी लागतील. आम्ही यंदा घरात एक वही टांगली आणि महिनाभर प्रत्येक छापील पान तिच्यात नोंदवले. एकूण १८४ पाने. त्यातली रंगीत किती? नऊ. या गतीने पैसे वसूल व्हायला पस्तीस वर्षे लागतील. तोवर हे यंत्र टिकेल असे छातीठोकपणे कोण सांगेल?

शिवाय पर्यायी टोनर चालेलच याची खात्री नसते. अनेक कंपन्या डब्यावर चिप बसवतात आणि यंत्र परका डबा ओळखून काम थांबवते. अमेरिकेत यावरून मोठा खटला झाला. लेक्समार्क कंपनी आपला टोनर दोन प्रकारे विकत असे. पूर्ण किमतीत विनाअट, किंवा सवलतीत, पण एकदाच वापरायचा आणि रिकामा डबा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही या अटीवर. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही कंपनी असे रिकामे डबे मिळवून, भरून विकायची. लेक्समार्कने तिच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा अधिकार संपतो. तो निकाल अमेरिकेपुरता आहे, पण त्यातून उघडी पडलेली रीत आपल्यालाही लागू आहे. सवलत फुकट नसते. तिच्या पोटात अट असते. सावकारही पहिल्या दिवशी गोडच बोलायचा.

चळवळीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळ्या ठिपक्यांची जाळी छापतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. निळ्या प्रकाशात, भिंगाखाली दिसते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २००५ मध्ये झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतील ठिपक्यांची भाषा उलगडली. त्यात यंत्राचा अनुक्रमांक होता आणि पान छापल्याची तारीख व वेळही. बनावट नोटा रोखणे हा त्यामागचा सांगितलेला हेतू. घाबरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आपले पत्रक आपण नाव टाकूनच काढतो, आणि निवडणुकीच्या पत्रकावर तर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारकच आहे. पण घरात येणारी वस्तू आपल्याबद्दल काय नोंदवते, हे विकत घेण्याआधी कळायला नको का?

आता आक्षेपाकडे वळू. एका मित्राने रागाने विचारले, "म्हणजे आपल्या पोरांनी अजूनही झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगच लावायची? चांगली वस्तू आपल्या घरात येऊच नये?" प्रश्न रास्त आहे. घरात यंत्र असावे ही आकांक्षा आम्हाला मान्य आहे. रांगेपेक्षा मोठे एक कारणही आहे. दुकानात प्रिंट काढायची म्हणजे जातीचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, मुलींचे फोटो आणि सह्या असलेले अर्ज दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवायचे. ते तिथून कधी पुसले जातात, कोण पाहतो, आपल्याला कळत नाही. एवढ्या एका कारणासाठीही घरात प्रिंटर असणे योग्य ठरते.

पण त्यासाठी रंग कशाला हवा? दाखले, अर्ज, नोट्स, प्रश्नपत्रिका, माहिती अधिकाराचे अर्ज हे सगळे काळ्या अक्षरातच चालते. आमच्या वहीतली १७५ पाने तशीच होती. साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर रंगीत यंत्रापेक्षा बराच स्वस्त येतो. त्यात टोनरचा डबा एकच, आणि पिवळा संपला म्हणून काळे अक्षर अडत नाही. वर्षाची शंभर-सव्वाशे रंगीत पाने दुकानातून आणली तरी खर्च हजार-बाराशेच्या पुढे जात नाही. स्वाभिमान रंगीत यंत्रात नसतो. आपला पैसा कुठे जातो हे आपल्याला ठाऊक असण्यात असतो.

छपाईचा हा धडा आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याचे रकानेच्या रकाने ते स्वतः लिहीत. तरी पैशाच्या ओढाताणीने १९२९ मध्ये ते बंद करावे लागले. लिहायला माणूस होता, मजकूर होता, तळमळ होती. कमी पडला तो दर अंकाचा खर्च. सुरुवातीचा पैसा एकदा उभा करता येतो. चालू खर्च मात्र पुन्हा पुन्हा समोर येऊन उभा राहतो. वर्तमानपत्राला जे लागू, ते घरातल्या प्रिंटरलाही लागू आहे.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे असे :

१. सेलची तारीख पाहून निर्णय घेऊ नका. आधी महिनाभर वही ठेवा. काळी पाने किती, रंगीत किती, हे मोजा.

२. प्रिंटरची किंमत विचारण्याआधी टोनरच्या पूर्ण संचाची किंमत विचारा. सोबतचे डबे पूर्ण भरलेले आहेत का, पर्यायी टोनर चालतो का, आपल्या तालुक्यात दुरुस्ती होते का, हेही विचारा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळाले असे समजा.

३. एक रंग संपल्यावर यंत्र काळे छापते का, हे दुकानातच विचारून घ्या. आम्ही नेमके हेच विचारले नव्हते.

४. फ्यूजर तापताना यंत्र काही क्षण मोठा विद्युतभार ओढते. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर त्याची भिस्त ठेवू नका.

५. रंगीत कामच ज्यांचा रोजचा व्यवसाय आहे, त्यांनी जरूर घ्यावा. शिकवणी चालवणारे, पत्रिका छापणारे यांचा हिशोब वेगळा. पाच-सहा घरांनी मिळून घेतला, नोंदवही ठेवली आणि पानामागे पैसे जमा केले, तरीही जमू शकते. पण टोनरचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला निघाला पाहिजे.

ज्या मित्रांनी तो फोटो पाठवला, त्यांना आम्ही घरी बोलावले आहे. कपाटावरचा प्रिंटर खाली काढून दाखवणार आहोत, सोबत वही आणि हप्त्यांच्या पावत्या. ते पाहूनही कोणाला घ्यावासा वाटला तर त्याने खुशाल घ्यावा. मात्र घेताना तो ग्राहक असावा, कोणाच्या कुळाच्या वहीतले नाव नसावे.

जय भीम!