नेटचा वाटा कोण ठरवतो? सर्व्हिस प्रोफाइल आणि आपली शाळा



"टॉवर तर समोरच दिसते न सर, मंग नेट काहून चालत नाही?" आपल्या राळेगाव तालुक्यात हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "रेंज नसेल." पण पुष्कळदा मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या असतात आणि तरीही पान उघडत नाही. रेंज म्हणजे टॉवरपर्यंतचा रस्ता. त्या रस्त्यावरून तुमच्या वाट्याला किती माल येईल, हे रेंज ठरवत नाही. ते ठरतं टॉवरवरच्या बेस स्टेशनमध्ये भरलेल्या एका नोंदीवरून. त्या नोंदीला सर्व्हिस प्रोफाइल म्हणतात.

आज मला या नोंदीबद्दलच बोलायचं आहे. विषय इंजिनिअरचा वाटेल, पण तो आपला आहे. माझं म्हणणं सरळ आहे. शाळेसाठी वायरलेस जोडणी घेताना "किती एमबीपीएस?" एवढंच विचारून भागणार नाही. "शाळेच्या जोडणीला कोणतं प्रोफाइल लावणार?" हे विचारलं पाहिजे आणि उत्तर लेखी घेतलं पाहिजे.

कालव्याचं पाणी आणि टॉवरचं नेट

बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवीन नाही. कालवा एकच, पाणीही एकच. पण पाळी ठरलेली नसेल तर वरच्या अंगाचा शेतकरी भरपूर पाणी घेतो आणि टेलवरचा माणूस वाट पाहत बसतो. कालवा शेतापर्यंत आला म्हणजे पाणी मिळालंच असं नाही. पाळी लागते आणि पाळीचा कागद लागतो.

टॉवरचंही असंच आहे. एका दिशेच्या अँटेनाखाली जेवढी घरं, दुकानं, शाळा येतात, त्या सगळ्यांत त्या दिशेच्या लहरी वाटल्या जातात. मोबाइल वायमॅक्स या तंत्रज्ञानात ही वाटणी साधारणपणे दर ५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदात २०० वेळा होते. एवढ्या भराभर कोणाला किती द्यायचं हे माणूस ठरवू शकत नाही, म्हणून नियम आधीच लिहून ठेवावे लागतात.

प्रोफाइलमध्ये काय असतं?

मुख्य गोष्टी चार. पहिली, कमाल वेग : याच्या वर जाऊ द्यायचं नाही. दुसरी, किमान राखीव वेग : गर्दी असली तरी एवढं द्यायचंच. तिसरी, प्राधान्य : दोघांनी एकाच वेळी मागितलं तर आधी कोण. चौथी, विलंबाची मर्यादा : माहिती किती वेळ रांगेत थांबलेली चालेल. या गोष्टी डाउनलोडसाठी वेगळ्या आणि अपलोडसाठी वेगळ्या भरतात.

जाहिरातीत दिसते ती फक्त पहिली गोष्ट. "१० एमबीपीएसपर्यंत" यातला "पर्यंत" म्हणजे कमाल वेग. किमान किती, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नसतं.

वायमॅक्सच्या मानकात, म्हणजे आयईईई ८०२.१६ मध्ये, २००५ च्या सुधारणेनंतर सेवेचे पाच वर्ग झाले. यूजीएस या वर्गात ठरावीक जागा सतत राखून ठेवलेली असते, वापरा की न वापरा. ईआरटीपीएस हा इंटरनेटवरून होणाऱ्या बोलण्यासाठी. आरटीपीएस चालू व्हिडिओसाठी : किमान वेगही मिळतो आणि विलंबाची मर्यादाही. एनआरटीपीएस मोठ्या फाइलींसाठी : थोडा उशीर चालेल, पण किमान वेग पक्का. आणि शेवटचा बेस्ट एफर्ट, म्हणजे उरलं तर मिळेल, नाही तर थांबा.

बीएसएनएलने ग्रामीण भागासाठी वायमॅक्स बसवलं होतं. पुढे ४जी आलं आणि ते मागे पडलं. पण विचार तोच राहिला, फक्त नावं बदलली. ४जी मध्ये या वर्गांना क्यूसीआय क्रमांक असतात. क्रमांक १ बोलण्यासाठी : वेग राखीव आणि विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद. साधं इंटरनेट बहुधा क्रमांक ९ वर चालतं : राखीव काहीच नाही आणि मर्यादा ३०० मिलिसेकंद. म्हणून नेट रडत असतानाही त्याच टॉवरवरून फोनवरचं बोलणं स्वच्छ ऐकू येऊ शकतं. यात चमत्कार नाही, प्रोफाइल वेगळं आहे.

हे प्रोफाइल लावतं कोण?

वायमॅक्ससारख्या उपकरणात क्रम साधारण असा. आधी इंजिनिअर सेवेचा वर्ग आणि वेगाचे आकडे भरतो. मग कोणती माहिती कोणत्या वर्गात जाईल याचे नियम लिहितो. या दोन्हींचा गठ्ठा बांधून त्याला नाव देतो, ते झालं सर्व्हिस प्रोफाइल. शेवटी तुमच्या छतावरच्या यंत्राचा मॅक क्रमांक त्या प्रोफाइलला जोडतो. यंत्र सुरू झालं की बेस स्टेशन त्याला ओळखतं आणि नोंदीप्रमाणे वाटा देतं. ४जी मध्ये ही नोंद सिमच्या माहितीसोबत कंपनीच्या मुख्य यंत्रणेत असते आणि टॉवर तिचं पालन करतो.

आता बघा, खास काही सांगितलं नसेल तर सहसा ठरलेलं सर्वसाधारण प्रोफाइल लागतं, म्हणजे बेस्ट एफर्ट. मग चाळीस मुलांची शाळा आणि एका माणसाचा मोबाइल एकाच रांगेत उभे राहतात. शाळेतला राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, नवीन घ्या, उंच लटकवा, ही नोंद त्याने बदलत नाही.

थोडा हिशोब करू

उदाहरण घेऊ. एका दिशेला एकूण ३० एमबीपीएस आहेत. साठ घरं आणि एक शाळा, अशा ६१ जोडण्या. सगळे एकदम नेटवर आले आणि सगळे बेस्ट एफर्टवर असले, तर प्रत्येकाला मिळतील ३० भागिले ६१, म्हणजे सुमारे ०.४९ एमबीपीएस. शाळेलाही तेवढेच. त्यात चाळीस मुलांचा वर्ग काय शिकणार?

आता शाळेला ४ एमबीपीएस किमान राखीव ठेवा. उरले २६. ते साठ घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे ०.४३. म्हणजे प्रत्येक घराचं नुकसान जेमतेम ०.०६ एमबीपीएस आणि शाळेचा वाटा आठपट! शिवाय वर्ग आरटीपीएस किंवा एनआरटीपीएस निवडला, तर शाळा नेट वापरत नसताना तिचा वाटा घरांना परत मिळतो. यूजीएस घेतला तर ती जागा रिकामी राहील, म्हणून शाळेसाठी तो नको. संध्याकाळी शाळा बंद झाल्यावर गावाचं काहीच जात नाही.

म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न पैशांइतकाच नोंदीचाही आहे.

"हा पक्षपात नाही का?"

हा आक्षेप रास्त आहे. जुलै २०२० मध्ये एअरटेलचा प्लॅटिनम आणि व्होडाफोन आयडियाचा रेडएक्स या प्लॅनमध्ये जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकांना प्राधान्य मिळणार होतं. ट्रायने ते रोखायला सांगितले, कारण बाकीच्या ग्राहकांचं काय, हा प्रश्न होता. नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वंही केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्य केली आहेत : मजकूर पाहून कोणाला अडवायचं किंवा मंद करायचं नाही.

पण शाळेला किमान वेग देताना आपण कोणत्याही संकेतस्थळाला पुढे-मागे करत नाही. आपण एका सार्वजनिक जागेचा वाटा उघडपणे ठरवतो. गावच्या नळयोजनेत शाळेला वेगळी तोटी देतो, तसंच. फरक एवढाच की तोटी सगळ्यांना दिसते आणि प्रोफाइल कोणालाच दिसत नाही. म्हणून ते कागदावर हवं. आणि शाळेला मागताना प्राथमिक आरोग्य केंद्रालाही मागा. फक्त आपल्यापुरतं मागाल तर गाव ऐकणार नाही.

दुसरी गोष्ट, प्रोफाइल म्हणजे जादू नव्हे. टॉवरजवळच्या यंत्राला एका संकेतात ६ बिट पाठवता येतात, दूरच्या कमजोर यंत्राला २ च. म्हणजे तेवढ्याच माहितीला दूरच्या शाळेसाठी तिप्पट वेळ लागतो. म्हणून टॉवरपासून लांबच्या शाळेने आधी छतावर दिशादर्शी अँटेना नीट बसवून घ्यावा, मग वेगाची हमी मागावी. पालघर जिल्ह्यातल्या सात गावांत आयआयटी मुंबईने ग्राममार्ग प्रकल्पात टीव्हीच्या यूएचएफ लहरींवरून गावापर्यंत नेट नेलं आणि पुढे वायफायने वाटलं, कारण त्या लहरी झाडझाडोऱ्यातून लांब जातात. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. लहरी पोचवण्याचं काम असं तज्ज्ञ लोक करतात. पोचल्यावर वाटणी कशी व्हावी, हे मात्र आपणच सांगायला हवं.

काय विचाराल?

जानेवारी २०२३ पासून देशात ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस डाउनलोड अशी व्याख्या आहे. ती एका जोडणीची व्याख्या आहे, वर्गाची गरज नाही. म्हणून मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने जोडणी घेण्याआधी एवढं विचारावं :

१. कमाल वेग सोडा, किमान राखीव वेग किती?
२. अपलोडचा किमान वेग किती? यू-डायसची माहिती आणि मुलांचे फोटो, कागदपत्रं वर चढवायची असतात.
३. सेवेचा वर्ग कोणता? बेस्ट एफर्ट असेल तर तसं स्पष्ट लिहून द्या.
४. यंत्र बदललं तर नवीन मॅक क्रमांकाला तेच प्रोफाइल कोण जोडणार आणि किती दिवसांत?
५. सकाळी ११ ते दुपारी ४ या गर्दीच्या वेळी वेग मोजून दाखवाल का?

पालकहो, हा फक्त शाळेचा प्रश्न समजू नका. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. शेवटच्या दिवशी पसंतीक्रम भरताना पान गोल-गोल फिरत राहिलं, तर कापूस वेचून पोरीला शिकवणाऱ्या माऊलीने कोणाकडे जायचं?

वर्गात करून पाहा

हा विषय सातवी-आठवीच्या मुलांना शेकडेवारीसोबत छान शिकवता येतो. फळ्यावर २० चौकोन काढा, ही झाली एक वाटणी. पाच मुलांना चिठ्ठ्या द्या : "फोन, ४ पक्के", "व्हिडिओ, किमान ५", "फाइल, किमान ३", आणि दोघांना "उरलं तर". आधी पक्के भरा, मग किमान, मग उरलेले आठ. दुसऱ्या फेरीत व्हिडिओवाल्याला गैरहजर करा आणि त्याचे पाच चौकोन कोणाला जातात ते मुलांनाच ठरवू द्या. "उरलं तर" वाली मुलं भांडायला लागतात, तिथेच धडा समजतो.

येत्या ग्रामसभेत हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात "इंटरनेट जोडणी घ्यावी" एवढंच न लिहिता "किमान राखीव वेगासह" हे तीन शब्द जास्तीचे लिहा. कालव्याच्या पाळीसाठी आपल्या बापजाद्यांनी अर्ज केले, कचेऱ्या झिजवल्या. लेकरांच्या नेटसाठी आपण एक ओळ तर लिहूच शकतो.