यकृताचा कर्करोग : गाठ ५ सेंटिमीटरच्या आत सापडली तर...

यकृताचा कर्करोग म्हटले की घरातली माणसे निम्मी आशा सोडून देतात. सातारा-सांगलीकडे डोळे पिवळे झाले की अनेक जण आधी कावीळ उतरवायला नेतात, मग गावातला दवाखाना आणि शेवटी मिरज किंवा कराड. तोवर गाठ वाढलेली असते. पण हा आजार नेहमीच हाताबाहेर गेलेला असतो का? संशोधन तसे सांगत नाही.

मिलानमध्ये काय घडले?

यकृताच्या कर्करोगात पूर्वी प्रत्यारोपण करूनही आजार उलटायचा. इटलीतले शल्यचिकित्सक व्हिन्चेन्झो मझाफेरो यांनी मिलानच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रुग्ण निवडतानाच माप ठरवले. एकच गाठ असेल तर ती ५ सेंटिमीटरपर्यंत. दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. शिवाय आजार रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर गेलेला नसावा. १९९६ मध्ये त्यांनी ४८ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांनी जगण्याचे प्रमाण ७५ टक्के होते. काढलेल्या यकृताच्या तपासणीतही ज्यांच्या गाठी याच मापात भरल्या, त्यांच्यात ते ८५ टक्के. ‘मिलान निकष’ म्हणून हे माप आजही जगभर वापरले जाते.

गाठ कापून का काढत नाहीत?

काढतात. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढतो. पण हा कर्करोग बहुतेकदा आधीच खराब झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, मधुमेहासोबत येणारी यकृतातली चरबी अशा कारणांनी यकृत आकसून कडक होते. त्यालाच सिरोसिस म्हणतात. असे यकृत कापले तर उरलेला भाग शरीराचा भार पेलेलच असे नाही. म्हणून डॉक्टर गाठीइतकेच उरणाऱ्या यकृताकडेही पाहतात. गाठ लहान असेल तर सुई घालून ती जाळण्याचाही पर्याय असतो.

मग अडते कुठे?

लहान गाठ दुखत नाही. ती शोधावी लागते. सिरोसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. पण जतचा किंवा पाटणचा माणूस त्रास होत नसताना दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला का जाईल? वॉन्लेस यांच्या काळापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. कराडलाही मोठे रुग्णालय आहे. म्हणजे यंत्राइतकीच उणीव आहे ती पुढच्या तारखेची आठवण करून देणाऱ्या माणसाची.

क्षयरोगाच्या रुग्णाने गोळ्या चुकवल्या तर आरोग्य कर्मचारी घर शोधत येतात. सिरोसिसच्या रुग्णाची सोनोग्राफी चुकली तर कोण येते? माझ्या मते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रुग्णांची वही असावी आणि सहामाही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीच व्हावी. याला नवे संशोधन लागत नाही. झालेले संशोधन गावापर्यंत न्यावे लागते. प्रत्यारोपणाचा खर्च आणि पुण्या-मुंबईच्या फेऱ्या पाहता गाठ लवकर सापडणे गरिबासाठी अधिकच मोलाचे.

लस घेतली आहे का?

तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे ही लस २०११च्या सुमारास देशभर लागू झाली. म्हणजे आजच्या बहुतेक प्रौढांना ती बाळपणी मिळालेली नाही. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

तेव्हा घरात कोणाला सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस असेल, तर आज एवढेच विचारा : पुढची सोनोग्राफी कधी? उत्तर ‘बघू’ असे आले, तर तारीख तुम्हीच ठरवा. ५ सेंटिमीटरच्या अलीकडे आणि पलीकडे फरक अनेकदा याच ‘बघू’चा असतो.