होडी इंचाइंचाने मोजता, मग धक्क्यापर्यंतचं अंतर कोण मोजणार?

गुणवत्तेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "खेळात बघा, तिथे ना जात ना वशिला. जो पुढे तो पहिला." आपल्यातले अनेक तरुण हे ऐकून गप्प बसतात. म्हणून आज मुद्दाम अशा खेळाबद्दल लिहितो आहे, जो आपल्या वस्त्यांपासून सगळ्यात लांब आहे. शिडाच्या होड्यांच्या हौशी शर्यती. पावसाळा संपला की गेटवेसमोरच्या पाण्यात पांढरी शिडं दिसू लागतात. आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. तिथे नेमकं काय चाललं आहे, हे विचारायचं आपल्या डोक्यात येत नाही.

तर मित्रांनो, "जो पुढे तो पहिला" हा नियम या श्रीमंतांच्या खेळात बऱ्याचदा लागूच नसतो. आधी कोण पोहोचलं हे बघतात, टाळ्याही वाजवतात, पण मुख्य चषक कुणाचा हे ठरवायला कागद-पेन्सिल लागते.

याचं कारण साधं आहे. पाणी कापत जाणारी होडी पुढे आणि मागे लाट उभी करते. वेग वाढत गेला की ती स्वतःच्याच लाटेच्या चढणीला लागते आणि तिथून पुढे वारा कितीही भरला तरी फारसा उपयोग होत नाही. ही मर्यादा होडीच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरते. ढोबळ हिशोब असा की लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. येईल तो वेग, नॉटमध्ये. २५ फुटांना ६.७ नॉट. ३६ फुटांना ८ नॉटहून किंचित जास्त. म्हणजे ३० सागरी मैलांच्या शर्यतीत दोघांनी आपापल्या होडीचा पूर्ण वेग काढला तर ३६ फुटी होडी पाऊण तास आधी पोहोचते. सुकाणूवर कोण बसलं आहे, त्याला वाऱ्याची जाण किती आहे, याचा त्या पाऊण तासाशी काहीही संबंध नाही. ती पाऊण तासाची आघाडी खिशातून विकत घेतलेली आहे.

(लहान होड्या, ज्यांना डिंगी म्हणतात, त्या हलक्या असल्यामुळे चांगल्या वाऱ्यात पाण्यावर उचलल्या जाऊन घसरत पळतात. त्यांना ही मर्यादा तशीच्या तशी लागू होत नाही. पण डिंगीतही शिडाचं क्षेत्रफळ, वजन, माणसांची संख्या यांनी वेग बदलतोच.)

या खेळातल्या लोकांनी ही गोष्ट नाकारली नाही. त्यांनी तिचं गणित मांडलं. इंग्लंडमध्ये डिंगीसाठी पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत आहे. प्रत्येक प्रकारच्या होडीला एक आकडा दिलेला असतो. लेझर नावाच्या एकट्याने चालवायच्या होडीचा आकडा साधारण ११००, मिरर नावाच्या दोघांच्या छोट्या होडीचा साधारण १३९०. लागलेला वेळ हजाराने गुणायचा आणि या आकड्याने भागायचा. समजा लेझर ६६ मिनिटांत आली, तर तिची दुरुस्त वेळ ६० मिनिटं. मिरर ८२ मिनिटांत, म्हणजे तब्बल सोळा मिनिटं उशिरा आली, तर तिची दुरुस्त वेळ ५९ मिनिटांच्या किंचित आत. जिंकली मिरर. हे आकडेही कायमचे नसतात. क्लब आपापले निकाल कळवतात आणि अनुभव बघून आकडे सुधारले जातात.

मोठ्या होड्यांसाठी आयआरसी ही पद्धत वापरतात. तिच्यात होडीची लांबी, वजन, शिडं, तळाचा आकार, सगळं मोजून एक गुणक देतात. आणि गंमत ऐका, ज्या सूत्राने हा गुणक निघतो ते जाहीरच केलेलं नाही. मुद्दाम गुप्त ठेवलं आहे, नाहीतर लोक सूत्रातल्या फटी हेरून होड्या बांधतील. कोट्यवधींच्या होड्यांचे मालक या गुप्त सूत्रापुढे मान तुकवतात. २०१३ च्या फास्टनेट शर्यतीत याच हिशोबाने पास्कल आणि अलेक्सी लोइझाँ हे फ्रेंच बापलेक एकूण विजेते ठरले. सहाशे सागरी मैलांहून लांब शर्यत, होडी फक्त ३३ फुटी, आणि तिच्यावर माणसं दोनच. त्यांच्या कितीतरी आधी शंभर फुटी होडी पोहोचली होती. "आमची गुणवत्ता डावलली" म्हणून कुणी मोर्चा काढला नाही.

इथे आरक्षणाची आठवण येणार हे मला माहीत आहे, पण उपमा जपून वापरा. आरक्षण ही वेळेतली सूट नव्हे. बाबासाहेबांचा मुद्दा प्रतिनिधित्वाचा होता, सत्तेच्या जागी कोण बसतं याचा होता. त्याला "मागे पडलेल्यांना दिलेली सवलत" म्हणून मांडलं की आपणच आपली बाजू लंगडी करतो. या हिशोबावरून सिद्ध होतं ते इतकंच की "सगळ्यांना एका रेषेवरून सोडा, पुढचं ज्याचं त्याचं" हे न्यायाचं लक्षण आहे, असं खुद्द शर्यत लावणारेही मानत नाहीत. निदान आपापसात तरी मानत नाहीत.

"आपापसात" हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे, कारण हे सगळं मोजमाप होडीचं आहे. होडीपर्यंत कोण पोहोचलं, याचं मोजमाप या खेळाने केलेलं नाही. उलट काही काळ त्याने नको असलेल्यांना बाहेर ठेवण्याचे नियम केले.

"हौशी" हा शब्दच घ्या. आपण तो सहज वापरतो, हौशी नाट्यस्पर्धा वगैरे. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'अमॅच्युअर' या शब्दाला वर्गाचा वास होता. शिडाच्या शेजारचाच खेळ म्हणजे वल्ह्यांच्या शर्यती. तिथल्या हेन्ली रेगाटाने १८७९ मध्ये हौशी कोण याची व्याख्या केली, तेव्हा मजुरीवर जगणारा कारागीर आणि श्रमिक माणूस त्या व्याख्येतून वगळला. त्याने वल्हवण्याचे पैसे घेतले असोत वा नसोत. हाताने काम करतो, एवढा गुन्हा पुरे. हाताने काम करणाऱ्याला खालचा ठरवणारी व्यवस्था आपल्याला काही नवीन नाही, म्हणून हा नियम वाचताना मला परका वाटला नाही.

शिडाच्या मोठ्या होड्यांवर चित्र आणखी स्पष्ट होतं. मालक लॉर्ड, उद्योगपती. दोर ओढणारे, शिडं चढवणारे खलाशी मात्र पगारी. इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावरच्या टॉलसबरी, वाइव्हनहो, ब्राइटलिंगसी अशा गावांतले मच्छीमार हिवाळ्यात मासेमारी करायचे आणि उन्हाळ्यात साहेबांच्या होड्यांवर शर्यतीला जायचे. वारा, भरती-ओहोटी, दोर यांचं ज्ञान त्यांचं. चषकावर नाव मालकाचं.

१९३४ मध्ये टॉम सॉपविथ हा विमानांचा कारखानदार 'एन्डेव्हर' ही होडी घेऊन अमेरिकाज कपसाठी निघाला. होडी अमेरिकेच्या 'रेनबो'पेक्षा सरस होती, असं जाणकार आजही म्हणतात. निघायच्या तोंडावर पगारी खलाशांतल्या काहींनी जास्त वेतन मागितलं. सॉपविथने त्यांना काढून टाकलं आणि त्यांच्या जागी हौशी मंडळी घेतली, चांगल्या घरची, क्लबातली. एन्डेव्हरने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या आणि पुढच्या सलग चार गमावल्या. पराभवाची कारणं आणखीही सांगतात, डावपेच चुकले, पंचांशी वाद झाला. पण सरावलेले खलाशी किनाऱ्यावर ठेवून गेल्याचा उल्लेख टाळून कुणी ही गोष्ट सांगू शकत नाही. कष्टकऱ्याने मजुरी मागितली की त्याच्याशिवाय चालवून दाखवू, ही जिद्द मालकवर्गात जगभर सारखीच दिसते.

हा खेळ थोडाफार उघडला तो स्वस्त होडीमुळे. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने मुलांसाठी ऑप्टिमिस्ट बनवली. प्लायवुडच्या दोन फळ्यांत व्हावी आणि पन्नास डॉलरच्या आत बसावी, ही अट. फळी आठ फुटी, म्हणून होडी आठ फुटांच्या आत. तिचं नाक बोथट दिसतं ते त्यामुळेच. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये डेली मिरर या कामगारवर्गात खपणाऱ्या वृत्तपत्राने मिरर डिंगी आणली. कापलेल्या फळ्या पेटीतून घरी यायच्या, त्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी व रेझिन लावायचं. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, शिडं लाल. सत्तर हजारांवर मिरर बांधल्या गेल्या, कितीतरी घरामागच्या शेडमध्ये. मला विचाराल तर शिडाच्या खेळातली सगळ्यात मोठी सुधारणा मिरर होती. गुप्त सूत्रवाला आयआरसी तिच्यापुढे काहीच नाही.

मग १९७१ मध्ये लेझर बाजारात आली, आता तिला आयएलसीए म्हणतात. सगळ्या होड्या अगदी एकसारख्या, त्यामुळे हिशोबाची भानगड नाही. इथे मात्र खरोखर जो पुढे तो पहिला. शिडं तीन मापांची, ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर, त्यामुळे हलक्या वजनाच्या मुलीही त्याच होडीत बसू शकतात. "समान संधी" म्हणतात ती हीच, असं वाटावं. पण जवळ जाऊन बघा. नवं शिड कडक असतं, वापराने मऊ पडतं, आणि पैसेवाला मोठ्या स्पर्धेला नवं शिड काढतो. एकाचा प्रशिक्षक मोटरबोटीतून मागे फिरतो, दुसऱ्याला वारा कुठून फिरला हे किनाऱ्यावर आल्यावर कळतं. एकाकडे मांड्यांना आधार देणारी पट्ट्यांची खास पँट आहे. दुसरा साध्या हाफपँटवर होडीच्या काठावरून बाहेर लटकतो आणि दोन तासांनी त्याच्या मांड्या सोललेल्या असतात. पन्नास डॉलरच्या ऑप्टिमिस्टचंही तेच झालं. शर्यतीची फायबरची नवी ऑप्टिमिस्ट आज काही लाखांत जाते.

आता आपल्याकडे या. मुंबईतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. भारतीयांना तिथे दीर्घकाळ सदस्यत्व नव्हतं. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्ण मिळवलं. ते मोठंच यश. पण त्यानंतरही मुंबईत हा खेळ मुख्यतः क्लब आणि सैन्यदलं यांच्याच कुंपणात राहिला. सैन्यदलांचं श्रेय मान्य केलं पाहिजे, साध्या घरांतली मुलं होडीवर आली ती बरीचशी वर्दीतून.

२०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या मुलीने आयएलसीए ४ मध्ये रौप्य मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या खेड्यातली, शेतीवर जगणाऱ्या घरातली. त्या राज्याला समुद्र नाही. भोपाळचा तलाव आहे आणि त्यावर राज्य सरकारची अकादमी आहे. होडी सरकारची, शिड सरकारचं, जेवण आणि प्रशिक्षक सरकारचा. हैदराबादच्या हुसेनसागरावरही एका क्लबाने वस्त्यांतली, सरकारी शाळांतली मुलं ऑप्टिमिस्टमध्ये बसवली. त्याच पाण्याच्या मधोमध तथागतांची उभी मूर्ती आहे, आणि जवळच २०२३ पासून बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा. त्या पाण्यावरची प्रीती कोंगारा हांगझोऊच्या भारतीय पथकात होती. आपल्या महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा, शिवाय धरणांची जलाशयं. पाण्याची कमतरता आपली अडचण नाही.

अडचण कुठे आहे, ते मला एका क्लबात कळलं. आमच्या वस्तीतल्या बारा मुलांना उन्हाळी शिबिरात घ्याल का, असं विचारायला गेलो होतो. शुल्काचं बोलणं नंतर करू म्हणाले, आधी सांगा, पोहता येतं का? बारांपैकी एकाला येत होतं, तेही गावच्या विहिरीत शिकलेला म्हणून. प्रश्न चूक नव्हता. डिंगी उलटते, उलटणारच, पोहणं हवंच. पण पोहायला शिकायचं कुठे? महापालिकेचा तलाव वस्तीपासून दोन बस लांब, मासिक पास, वेळ सकाळी शाळेची. महाडच्या चवदार तळ्याला शंभर वर्षं होत आली. पाण्याला हात लावायला आज कायद्याने कुणी अडवत नाही. पण पाण्यात उतरायची सोय हा अजूनही पत्त्यावर अवलंबून असलेला प्रश्न आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, शिष्यवृत्ती रखडल्या आहेत, वसतिगृहांची छतं गळताहेत, आणि तुम्ही शिडाच्या होड्या काय घेऊन बसलात? ही हरकत मी हलकी मानत नाही. पण "हे आपल्यासाठी नाही" अशी यादी आपण स्वतःच लांबवत गेलो तर ती कुठे थांबेल? पोलो, घोडेस्वारी, नेमबाजी, शिड. क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्या आणि प्रवेश या खेळांतूनही मिळतात, आणि स्पर्धक कमी म्हणून राष्ट्रीय पातळी तुलनेने लवकर गाठता येते. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची मुलं तिथे आधीच आहेत.

तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जायचं असेल तर अर्जात होडी पहिल्या ओळीत लिहू नका. पहिली ओळ पोहण्याची लिहा. महापालिका शाळांतल्या मुलांसाठी तलावाची संध्याकाळची वेळ, विनामूल्य, मुलींसाठी स्त्री प्रशिक्षक. दुसरी ओळ जीवरक्षक जाकिटांची, मुलांच्या मापाची, कारण मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. तिसऱ्या ओळीत दहा ऑप्टिमिस्ट आणि जवळच्या जलाशयावर त्या ठेवायला एक कुलूपबंद शेड. जुन्या चालतील. आमचा अर्ज असाच लिहिला आहे आणि तो सध्या दुसऱ्या टेबलावर आहे. पावसाळ्याआधी तिसऱ्या टेबलावर गेला नाही तर बाराही मुलांना घेऊन कार्यालयात जाऊन बसायचं ठरलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी कळवा.